आई-बाबांशी ज्येष्ठ निवासाबद्दल कसं बोलावं

ज्येष्ठांच्या स्वतंत्र निवासाचा विषय बहुतेक घरांत चुकीच्या वेळी निघतो. आई न्हाणीघरात पडते किंवा बाबा घराकडे परतायची वाट चुकतात, आणि रुग्णालयाच्या खाटेशेजारी उभं राहून मुलं पुढचं ठरवू लागतात. तोवर निवड फारशी उरलेली नसते. स्वतःचं घर, स्वतःची किल्ली, शेजारी समवयस्क, आणि जेवण, साफसफाई, दुरुस्ती व रात्रीची मदत हाकेच्या अंतरावर, अशी व्यवस्था असलेल्या वसाहती सहसा त्यांनाच घेतात जे स्वतः चालतात-फिरतात आणि रोजचे विधी स्वतः उरकतात. अनेक ठिकाणी प्रवेशाआधी प्रकृतीची तपासणी होते. निकड येईपर्यंत थांबलात, तर हाच पर्याय हातचा जातो. म्हणून हे बोलणं सगळं ठीक चाललेलं असताना सुरू करायचं, आणि एका बैठकीत संपवायचं नाही. चार-सहा महिन्यांत विखुरलेली पाच-सहा छोटी बोलणी, असा हिशोब धरा.

बोलण्याआधी

दोन-तीन आठवडे नुसतं नीट पाहा. काय पाहायचं, हे वृद्धांची काळजी घेणाऱ्यांनी कधीच नेमकं करून ठेवलं आहे. अमेरिकी डॉक्टर काट्झ यांची १९६३ची यादी सहा मूलभूत कामांची आहे: अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, खाटेवरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावरचा ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं. लॉटन आणि ब्रॉडी या अमेरिकी संशोधकांची १९६९ची यादी आठ जरा गुंतागुंतीच्या कामांची: फोन, खरेदी, स्वयंपाक, घरातली आवराआवर, कपडे धुणं, बाहेर जाणं-येणं, औषधं आणि पैशांचे व्यवहार. दुसऱ्या यादीतली दोन-तीन कामं जड जात असतील आणि पहिली यादी शाबूत असेल, तर स्वतंत्र निवास योग्य ठरतो. पहिल्या यादीतलं काही निसटू लागलं असेल, तर रोज हाताशी माणूस लागेल, आणि त्यासाठी वेगळ्या प्रकारची जागा शोधावी लागते. हा फरक न पाहता घर घेतलं, तर वर्षभरात पुन्हा हलवायची वेळ येते. म्हातारपणी दुसरं स्थलांतर पहिल्याहून जास्त सोसावं लागतं.

बदल अचानक दिसला असेल, म्हणजे काल-परवापर्यंत ठीक असलेलं माणूस आज असंबद्ध बोलत असेल, तर घर बदलायचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा. मूत्रमार्गाचा संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं किंवा नवीन सुरू झालेलं औषध एवढ्यानेही वृद्ध माणूस गोंधळून जातं. हळूहळू झालेल्या बदलामागेही थायरॉइड, बी-१२ची कमतरता, मोतीबिंदू, कमी ऐकू येणं किंवा नैराश्य असू शकतं. उपचाराने सुधारणाऱ्या गोष्टीसाठी कुणाचं घर सोडवू नये.

मग भावंडांशी बोला. निर्णय घ्यायला नव्हे. कुणाला काय दिसतं, खर्चाचा वाटा कोण किती उचलू शकतं, आणि कुणाची आतून तयारी नाही, हे उघड व्हायला. आई-बाबांसमोर एकाने एक आणि दुसऱ्याने भलतंच सांगितलं, की दोघांवरचाही विश्वास उडतो. मात्र सगळ्यांनी मिळून त्यांच्यासमोर जाऊन बसू नये. त्याला घेराव घातल्याची कळा येते. ज्याच्याशी त्यांचे खटके कमी उडतात, त्याने बोलावं. तो मोठाच असला पाहिजे असं नाही.

आणि स्वतःला एक प्रश्न विचारा: ते याच घरात राहतो म्हणाले, तर ते ऐकून घ्यायची माझी तयारी आहे का? नसेल, तर तुम्ही बोलायला नाही, नोटीस द्यायला चालला आहात. हे त्यांना पहिल्या मिनिटात कळतं.

वेळ आणि बैठक

सकाळची, पोटात काही गेल्यानंतरची वेळ सर्वांत चांगली. संध्याकाळी थकवा असतो, आणि स्मृतिभ्रंश असलेल्यांचा गोंधळ अनेकदा दिवस मावळताना वाढतो. टीव्ही बंद, श्रवणयंत्र कानात, उजेड तुमच्या चेहऱ्यावर. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, म्हणून स, फ, ख यांसारखी व्यंजनं निसटतात आणि वाक्य अर्धवट पोचतं. ओरडल्याने स्वर तेवढे मोठे होतात, शब्द स्पष्ट होत नाहीत, वर आपण रागावलोय असं वाटतं. समोर बसून सावकाश बोला. अर्धा-पाऊण तास पुरे. सणासमारंभाला जमलेल्या गोतावळ्यात हा विषय नको, आणि जोडीदार गेल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, सुरक्षिततेचा प्रश्न नसेल तर, मुळीच नको.

पहिल्यांदा फक्त विचारा

पहिल्या बोलण्यात कुठल्याही वसाहतीचं नाव काढू नका, माहितीपत्रक तर नकोच. "आई, हल्ली घरातलं कुठलं काम नको वाटतं तुला?" "बाबा, मला आठवडाभर यायला जमलं नाही, तर कशाची अडचण होते?" "पुढच्या पाच वर्षांत काय झालेलं तुम्हाला मुळीच चालणार नाही?" शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जपून लिहून ठेवा; पुढचा सगळा शोध त्याच्याभोवती फिरतो. प्रश्न विचारल्यावर गप्प राहा. उत्तर यायला वेळ लागतो, आणि आपण ती शांतता भरून काढली की उत्तर येतच नाही.

"तुला आता एकटीला झेपत नाही" हे वाक्य टाळा. त्यानंतर आईचा सगळा जोर आपल्याला कसं झेपतं हे सिद्ध करण्यात जातो. त्याऐवजी दिसलेली एक गोष्ट सांगा: "गेल्या दोन महिन्यांत विजेचं बिल दोनदा राहिलं, म्हणून विचारतोय." स्वतःची काळजी एकदा, सरळ शब्दांत सांगायला हरकत नाही. तीच पुन्हा पुन्हा सांगितली की दडपण होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं नसताना त्यांचं नाव पुढे करू नका. आणि "तुम्हाला कधीच कुठे जावं लागणार नाही" असं वचन देऊ नका, कारण ते पाळणं तुमच्या हातात नाही.

"मी कुठेही जाणार नाही"

हे ऐकू येणारच. इथे वाद घालू नका. नकारामागे काय आहे ते शोधा, कारण प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा असतो.

सर्वांत खोलवरची भीती टाकून दिलं जाण्याची असते. तिला सोयीसुविधांचं वर्णन हे उत्तर नव्हेच. ठरलेला वार, ठरलेली वेळ, कोण येणार, नातवंडं मुक्कामाला येऊ शकतात का, एवढं नेमकं बोलावं लागतं. "आम्ही येत जाऊ" याने उलट भीती वाढते.

पैशांची चिंता बरेच जण बोलून दाखवत नाहीत. आपल्यामुळे मुलांचं जाईल, किंवा आपलंच पुरणार नाही, ही धास्ती. कागद घेऊन बसा. एका बाजूला आताच्या घराचा वर्षाचा खरा खर्च लिहा: दुरुस्ती, कर, विमा, मदतनीस, ये-जा. दुसऱ्या बाजूला तिथली अनामत आणि मासिक शुल्क, दरवर्षीच्या वाढीसह, किमान दहा वर्षांसाठी. आकडे त्यांना स्वतः मांडू द्या. जन्मभर ज्याने घर चालवलं, त्याला तयार तक्ता दाखवणं अपमानासारखं लागतं.

काहींना जोडीदाराच्या आठवणी सोडवत नाहीत. तिथे घाई हा एकच मोठा अपराध आहे. काहींना सत्ता जायची भीती असते: कधी उठायचं, काय खायचं, कुणाला घरी बोलवायचं हे दुसरा ठरवणार. ही शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर तिथल्या नियमांतच मिळेल, म्हणून नियम त्यांनाच वाचायला द्या. आणि पाळलेला कुत्रा, बाग, रोज बसायचं बाकडं ही कारणं किरकोळ समजू नका. कित्येकदा खरा अडसर तोच असतो, आणि तोच सुटण्यासारखाही असतो.

आई-बाबा दोघं असतील, तर एकदा तरी वेगवेगळं बोला. एकाची स्मृती ढळत असली की दुसरा ती इतक्या शिताफीने सावरून घेतो की मुलांना पत्ता लागत नाही. सावरणाराच थकलेला असतो, आणि जोडीदारासमोर ते तो बोलत नाही.

सगळं समजून-उमजूनही ते नाही म्हणाले, तर तो त्यांचा अधिकार आहे. समजण्याची क्षमता शाबूत असलेल्या माणसाला चुकीचा वाटणारा निर्णयही घेता येतो. अशा वेळी दोन गोष्टी मिळवा. एक, या घरातले धोके कमी करायची परवानगी: न्हाणीघरात धरायला दांडे, रात्रीचे दिवे, सैल सतरंज्या काढणं, शेजाऱ्याकडे किल्ली. दुसरी, काय झालं तर पुन्हा विचार करू, याची यादी त्यांच्याच हस्ताक्षरात. "सहा महिन्यांत दोनदा पडलो", "औषधांची गल्लत पुन्हा झाली" असं मोजता येईल ते लिहायचं. "तब्येत बिघडली तर" याला काही अर्थ नाही. तीन महिन्यांनी तोच कागद पुन्हा समोर ठेवा.

जागा पाहताना

किमान तीन जागा पाहा, नाहीतर तुलनाच होत नाही. आवडलेल्या जागी दोनदा जा, दुसऱ्यांदा जेवणाच्या वेळी. आई-बाबांना तिथल्या रहिवाशांशी एकट्यांना बोलू द्या. कर्मचारीही जवळ नकोत, तुम्हीही नको. रात्री दोन वाजता मदतीची घंटा दाबली तर कोण येतं आणि किती मिनिटांत, हे विचारा. न्हाणीघरातली घंटेची दोरी जमिनीपर्यंत पोचते का पाहा, कारण पडलेला माणूस जमिनीवर असतो. दारातून चाकाची खुर्ची जायला सुमारे ८० सेंटीमीटर मोकळी रुंदी लागते; टेप घेऊन जा.

करारात काही गोष्टी लेखी हव्यात: प्रकृती खालावली तर तिथेच राहता येईल की सोडावं लागेल, आणि ते कोण ठरवणार, दोघांपैकी एकाला जास्त मदत लागली तर दुसऱ्याचं काय, सोडताना किंवा मृत्यूनंतर अनामतीतलं किती आणि किती दिवसांत परत, शुल्कवाढीला मर्यादा आहे का. तोंडी दिलेला शब्द व्यवस्थापन बदललं की संपतो.

शक्य असेल तर दोन ते चार आठवडे राहून पाहायची सोय मागा. पहिला आठवडा वाईटच जातो, त्यावरून मत बनवू नका आणि त्यांनाही तसं आधी सांगून ठेवा.

होकार आल्यावर

आवराआवरीला दोन-तीन महिने द्या, एका वेळी दोन तासांपेक्षा जास्त नको. माळा, साठवणीची खोली अशा भावना कमी गुंतलेल्या जागांपासून सुरुवात करा. फोटो आणि पत्रं अगदी शेवटी. नव्या खोलीचं माप घेऊन तेवढा चौकोन जुन्या घराच्या जमिनीवर चिकटपट्टीने आखा. कुठली खुर्ची मावते यावरून होणारे वाद तिथेच मिटतात. पलंगाच्या ज्या बाजूने ते आयुष्यभर उतरले, तीच बाजू नव्या खोलीत मोकळी ठेवा, आणि तिथून शौचालयापर्यंत रात्री जळणारा मंद दिवा लावा. अंधारात पाय सवयीच्या दिशेनेच पडतो.

परवडत असेल तर जुनं घर सहा महिने विकू नका, भाड्यानेही देऊ नका. परतीची वाट उघडी असली की तिथे रुळणं सोपं जातं. सुरुवातीला झोप उडणं, भूक मंदावणं, चिडचिड, थोडा गोंधळ हे अपेक्षित आहे. हे दोन-तीन महिन्यांनंतरही टिकलं, वजन उतरू लागलं किंवा ते खोलीबाहेर पडेनासे झाले, तर डॉक्टरांना दाखवा आणि जागा चुकली का, याचाही विचार करा. पहिल्या महिन्यात रोज धावत जाऊ नका, पण ठरवलेला वार एकदाही चुकवू नका. आणि गेल्यावर "करमतंय ना?" असं विचारू नका, त्याला "हो" शिवाय उत्तर देता येत नाही. "आज जेवायला शेजारी कोण होतं?" असं विचारा.