‘पिक अप’चा अर्थ कसा पकडायचा

कोल्हापुरात ‘पिकअप’ हा शब्द इंग्रजी शिकण्याआधीच कानावर पडलेला असतो. गुळाचे रवे भरून मार्केट यार्डात येणारी गाडी म्हणजे पिकअप, मोटरसायकल पटकन वेग घेते तो तिचा पिकअप, आणि ‘सीबीएसवरून (मध्यवर्ती बसस्थानकावरून) पिकअप करतो’ हे तर रोजचंच. शब्द इतका ओळखीचा, म्हणून इंग्रजी उताऱ्यात तो आला की मुलं थांबत नाहीत. ‘उचलणे’ असा अर्थ धरतात आणि पुढं जातात. मग ‘सेल्स पिक्ड अप आफ्टर दसरा’चं भाषांतर ‘दसऱ्यानंतर विक्री उचलली’ असं होतं. इथं ‘दसऱ्यानंतर विक्रीनं जोर धरला’ असं हवं.

शब्दकोशात या क्रियापदाचे पंधरा-वीस अर्थ सापडतील. ते पाठ करत बसू नका. आधी कर्म शोधा, मग कर्ता पाहा. बहुतेक वेळा तेवढ्यावर अर्थ लागतो.

कर्म नसेल तर अर्थ कर्त्यावरून ठरतो. धंदा, मागणी, ऑर्डर असा कर्ता असेल तर ‘सुधारणे, जोर धरणे’. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीला पुन्हा कामं मिळू लागली, तर ‘ऑर्डर्स आर पिकिंग अप’. पर्यायी शब्द ‘इम्प्रूव्ह’ किंवा ‘रिकव्हर’. वारा किंवा पाऊस कर्ता असेल तर ‘वाढणे’, म्हणजे ‘गेट स्ट्राँगर’. इथं एक चूक फार होते. पाऊस ‘पिक अप’ होतो, नदीची पातळी होत नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. पाणी 39 वरून 43 कडं चाललं असेल तर ‘द लेव्हल रोज’ म्हणायचं. ‘पिक अप’ हे जोर, वेग आणि परिस्थिती यांच्यासाठी आहे, उंचीसाठी नाही. दराचंही जरा जपून. गुळाचा दर नुसता वाढला तर ‘वेन्ट अप’. पडलेला दर पुन्हा सावरला तरच ‘पिक्ड अप’ शोभतं.

‘आय कॉल्ड ट्वाइस, शी डिडन्ट पिक अप’ या वाक्यात कर्म दिसत नाही, पण फोन गृहीत आहे. पर्याय ‘आन्सर’.

कर्म असेल तर ती वस्तू कोणती ते बघा. पिशवी, पेन, दगड असेल तर साधं उचलणं, ‘लिफ्ट’. माणूस किंवा पार्सल असेल आणि सोबत ठिकाण असेल तर ‘घ्यायला जाणे’, म्हणजे ‘कलेक्ट’. दूध, भाजी, औषध असेल तर ‘जाता जाता घेणे’, म्हणजे ‘गेट’ किंवा ‘बाय’. भाषा, सवय, कसब असेल तर ‘शिकणे’, पण फक्त सहवासानं, ऐकून-बघून शिकणं. म्हणून ‘आय पिक्ड अप कन्नड फ्रॉम माय नेबर्स’ बरोबर. राजारामपुरीत सहा महिने क्लास लावून शिकलात तर ‘लर्न्ड’च म्हणा. सर्दी-खोकला असेल तर ‘कॅच’. रेडिओचा सिग्नल किंवा वास असेल तर ‘डिटेक्ट’. बिल असेल तर ‘पे’. अर्धवट राहिलेलं बोलणं असेल तर ‘रिझ्यूम’.

‘पिक अप द चाइल्ड’ मात्र एकटं आलं तर दुहेरी आहे: बाळाला कडेवर घेणं किंवा मुलाला शाळेतून आणणं. ‘फ्रॉम स्कूल’ जोडलं की शंका मिटते. तसंच अनोळखी व्यक्तीबद्दल ‘पिक समवन अप’ म्हटलं तर लगट करून ओळख वाढवण्याचा अर्थही निघतो. पाहुण्यांबद्दल लिहिताना ठिकाण आणि वेळ घाला, म्हणजे घोटाळा होत नाही.

आता खरी अडचण. आपलं ‘उचलणे’ही तितकंच पसरलेलं आहे, आणि दोघांचे अर्थ काही ठिकाणीच जुळतात. ‘फोन उचलला’, ‘पोलिसांनी संशयिताला उचललं’, ‘दवाखान्याचा खर्च मामांनी उचलला’ या तिन्हींत ‘पिक अप’ चालतं. त्यापुढं वाट बदलते. ऊसतोडीच्या टोळीनं मुकादमाकडून उचल घेतली तर ‘दे टुक ॲन ॲडव्हान्स’. ‘पिक्ड अप’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, पैसे तयार होते आणि हे फक्त घ्यायला गेले. पुढच्या मजुरीतून ते फिटायचे आहेत हा उचलीचा गाभाच हरवतो. फायदा उचलला तर ‘टुक ॲडव्हांटेज’. पाऊल उचललं तर ‘टुक अ स्टेप’. मागणी उचलून धरली तर ‘सपोर्टेड’. जबाबदारी उचलली तर ‘टुक ऑन’. यातल्या बऱ्याच ठिकाणी ‘टेक’च येतं. अडलात तर आधी ‘टेक’ लावून बघा.

‘पिक’ आणि ‘पिक अप’ यांची अदलाबदलही नको. झाडावरून चाफा तोडला तर ‘पिक’. पारिजातकाचा सडा वेचला तर ‘पिक अप’, कारण फुलं जमिनीवर आहेत. चप्पल लाईनीत दहा जोडांतून एक निवडला तर ‘पिक’ किंवा ‘चूझ’. ठरलेला जोड दुकानातून घेऊन आलात तर ‘पिक अप’. मागं ‘ऑन’ लागलं की अर्थ आणखी सरकतो. ‘शी पिक्ड अप ऑन हिज फिअर’ म्हणजे त्याची भीती तिच्या लक्षात आली, ‘नोटिस्ड’.

शब्दांची जागा चुकली तर कान लगेच पकडतो. नाम असेल तर दोन्ही चालतं: ‘पिक अप द बॅग’ आणि ‘पिक द बॅग अप’. सर्वनाम मात्र मध्येच बसतं: ‘पिक इट अप’, ‘पिक मी अप’. ‘पिक अप मी’ हे इंग्रजी नाही, कितीही घाईत बोललं तरी. कर्म लांबलचक असेल तर ते शेवटी टाका. ‘पिक अप स्पीड’मध्ये ‘स्पीड’ मध्ये घुसवू नका. ‘पिक अप ऑन’ कधी फुटत नाही, म्हणून तिथं ‘पिक्ड अप ऑन इट’.

अर्ज लिहिताना ‘पिक अप’ सैल वाटतं. बँकेला ‘आय विल कलेक्ट द चेकबुक’ लिहा. बातमीत पोलिसांनी चौकशीसाठी नेलं असेल तर ‘डिटेन्ड’. अटक झाली असेल तरच ‘अरेस्टेड’, कारण कायद्यात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘पिक्ड अप’मध्ये हा फरक पुसला जातो.

उच्चारात ‘पि’ ऱ्हस्व ठेवा. ‘पीक’ असं ओढलं तर शिखर किंवा डोकावणं हे दुसरेच शब्द होतात. ‘पिक इट अप’ बोलताना तुटक नसतं, ‘पिकिटप’ असं जोडून येतं. नाम आणि क्रियापद यांच्यातला फरक जोरावरून कळतो: गाडीच्या नावात जोर ‘पिक’वर, क्रियापदात ‘अप’वर. ‘द पिकअप विल पिक इट अप ॲट फाइव्ह’ हे वाक्य मोठ्यानं म्हणून बघा. पहिल्यांदा आवाज सुरुवातीला चढला पाहिजे, दुसऱ्यांदा ‘अप’वर.