संताप अनावर झाला असता काय करावे : डीबीटीतील काही पायऱ्या

तासगाव-मिरज पट्ट्यात द्राक्षाचा हंगाम उरकला, माल परराज्यात गेला आणि व्यापारी मात्र पैशाचा वायदा पुढे ढकलत राहिला, की बागायतदाराच्या मनात जो संताप उसळतो, तो अवाजवी आहे असे कोणी म्हणणार नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांची डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजेच डीबीटी, इथूनच सुरुवात करते: भावना आहे हे मान्य करायचे आणि तिच्या भरात होणारे वर्तन तेवढे बदलायचे. ही पद्धत मुळात आत्महत्येच्या विचारांनी वारंवार ग्रासलेल्या रुग्णांसाठी आखलेली असून तिची पहिली नियंत्रित चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. तरी तिच्यातील काही कौशल्ये रोजच्या ताणातही उपयोगी पडतात.

प्रथम शरीराला आवरावे. संताप शिगेला पोचलेला असताना ‘जरा विचार कर’ हा उपदेश निरुपयोगी ठरतो, असे माझे मत आहे. फोन खाली ठेवावा, जागेवरून दोन पावले मागे सरावे आणि श्वास रोखून चेहरा गार पाण्याच्या पातेल्यात सुमारे तीस सेकंद बुडवावा, अथवा डोळ्यांवर व गालांवर गार पाण्याची घडी ठेवावी. यामुळे शरीराची एक उपजत प्रतिक्रिया जागी होऊन हृदयाचे ठोके मंदावतात. म्हणूनच हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा उपाय करू नये. त्यांनी श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ लावत संथ श्वसन करावे.

त्यानंतर वही घ्यावी आणि पानाचे दोन रकाने करावेत. ‘त्याने तीनदा फोन उचलला नाही’ ही घटना झाली. ‘त्याने मला बुडवले’ हा आपला अर्थ झाला, आणि तो दुसऱ्या रकान्यात जायला हवा. भावना घटनेला धरून नसेल, तर ती जे करायला सांगते त्याच्या उलट वागावे: शिवीगाळ करावीशी वाटत असेल, तर आवाज खाली आणून सौम्यपणे बोलावे किंवा तेथून बाजूला व्हावे. वायदा खरोखरच मोडलेला असेल, तर राग गिळून बसण्यात अर्थ नाही. मग मागणी नीट मांडायची तयारी करावी.

मांडणीत क्रम महत्त्वाचा असतो. आधी घटना, मग आपली भावना, मग नेमकी मागणी आणि शेवटी समोरच्याचा फायदा. उदाहरणार्थ: “शेठ, पंधरा तारखेला पैसे देतो म्हणाला होता, आज पंचवीस झाली. सोसायटीचे कर्ज भरायचे असल्याने मी काळजीत आहे. निम्मी रक्कम या आठवड्यात खात्यावर जमा करा आणि उरलेल्या रकमेची तारीख लेखी द्या. व्यवहार सुरळीत झाला, तर पुढल्या हंगामाचा मालही तुम्हालाच देईन.” त्याने विषय बदलला, तरी तीच मागणी शांतपणे पुन्हा सांगावी.

झोप, जेवण आणि दारूपासून दूर राहणे यांनाही डीबीटीत स्थान आहे. ही सारी कौशल्ये मन शांत असताना रोज थोडी घोटावीत, कारण भांडणाच्या क्षणी नवे काही शिकता येत नाही.

पूर्ण उपचारात मात्र दर आठवड्याची वैयक्तिक सत्रे, गटातील प्रशिक्षण आणि गरजेच्या वेळी थेरपिस्टशी फोनवर संपर्क असतो. लेख वाचून त्याची जागा भरत नाही. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर पायऱ्या करत बसू नये. घरच्यांना लगेच सांगावे, शासकीय रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांना भेटावे, किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सेवा विनामूल्य असून दिवसरात्र सुरू असते आणि तेथे मराठीतही बोलता येते.