फळ्यावरचं उतरवून घेताना

तिसरीतला माझा मुलगा रोज अर्धवट वही घेऊन यायचा. 'आळशी आहे' हे मी तीन महिने खरं मानलं, त्याचं अजून वाईट वाटतं. एकदा शेजारी बसून पाहिलं: तो एकेक अक्षर बघायचा, मान खाली घालायचा, परत वर बघेपर्यंत ओळ हरवलेली. डोळे तपासले, ते ठीक होते. मग बाईंना विनंती केली, फळ्यावरचा मजकूर कागदावर त्याच्या बाकावरच द्या. घरी अख्खा शब्द मोठ्याने म्हणून, न बघता लिहायची सवय लावली. पेन्सिल इतकी दाबायचा की मागच्या पानावर वळ उठायचे. जाड तिकोनी पेन्सिलीने हात सैलावला. परवा 'पाऊस' एका दमात लिहिला! जोडाक्षरं अजून अडतात. अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचण्या-लिहिण्यात सतत येणारी अडचण, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात येते, म्हणून तिच्या तपासणीलाही त्याचं नाव घातलंय.