कपाट आपण जोडायचं की माणूस बोलवायचा? म्युनिकमध्ये नवीन घर लावणाऱ्यांसाठी

किल्ली हातात येते, दार उघडतं आणि आत काहीच नसतं. स्वयंपाकघरात ओटा नाही, सिंक नाही, भिंतीतून एक जाड वायर तेवढी बाहेर आलेली. छताला दिव्याच्या जागी तारा लोंबतायत. जर्मनीत भाड्याची बरीच घरं अशीच मिळतात. नवीन आलेल्यांचे मला फोन येतात ते बहुतेक याच दिवशी, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, हे सगळं आपणच जोडायचं, की कुणाला बोलवायचं?"

माझं उत्तर गेली काही वर्षं एकच आहे. जे जमिनीवर उभं राहतं ते स्वतः जोडा. जे भिंतीला टांगायचं, विजेला किंवा पाण्याला जोडायचं, त्याला माणूस बोलवा. पलंग, टेबल, खुर्च्या, पुस्तकांचं कपाट तुमचं काम. ओटा, शेगडी, सिंक, डोक्यावरची कपाटं तुमचं काम नव्हे.

सांगलीला आमच्याकडे फर्निचर करायचं म्हणजे सुतार पंधरा-वीस दिवस गच्चीवर मुक्कामाला असायचे. प्लाय, सनमायका, फेविकॉलचा वास, दिवसातून तीनदा चहा. घरातल्यांनी फक्त "इथे एक खण जास्त द्या" एवढं सांगायचं. त्यामुळे इथे दुकानातून सुट्या भागांचा खोका आला की आपण घाबरतो, की सुताराचं काम आपल्याला कसं जमणार? पण सुताराचं खरं कौशल्याचं काम, म्हणजे माप, कापणी आणि काटकोन, कारखान्यातच झालेलं असतं. उरते ती जुळवाजुळव. 1956 साली आयकिया या फर्निचरच्या कंपनीत गाडीत मावेना म्हणून एका टेबलाचे पाय काढून ठेवले गेले आणि तिथून त्यांचा सपाट खोक्यांचा धंदा वाढला. म्युनिकशेजारच्या एखिंगला त्यांचं जर्मनीतलं पहिलं दुकान 1974 मध्ये उघडलं. इथले लोक पन्नास वर्षं हे खोके घरी आणून स्वतः जोडतायत. त्यातले बहुतेक जण सुतार नाहीत.

जोडायला बसण्याआधी सगळे स्क्रू आणि लाकडी खुंट्या मोजून वाट्यांमध्ये वेगळ्या ठेवा. एखादा भाग कमी भरला तर जोडणीच्या पत्रकात त्याच्या चित्राशेजारी छापलेला नंबर घेऊन दुकानात जा, छोटे भाग फुकट मिळतात. खोक्याचा पुठ्ठा फाडून जमिनीवर अंथरा. घरमालकाच्या लाकडी फरशीवर ओरखडा उठला तर तो घर सोडताना तुमच्या अनामत रकमेतून जातो. शिवाय खालच्या मजल्यावर आवाजही कमी जातो.

हत्यारांवर पैसे वाचवू नका. खोक्यात येणाऱ्या षटकोनी चावीने (इथे तिला इनबुस म्हणतात) पलंग जोडला की तळहाताला फोड येतात. बॅटरीवर चालणारा स्क्रू-ड्रायव्हर घ्या, पुढे प्रत्येक घरी कामाला येतो. या फर्निचरचे स्क्रू बहुधा पोझीड्राइव्ह प्रकारचे असतात, त्यावर 'पीझेड 2' असं लिहिलेलं टोक लावा. साध्या चौफुलीच्या टोकाने डोकं झिजतं आणि मग तो स्क्रू ना आत जातो ना बाहेर येतो. शेवटचे दोन फेरे मात्र हातानेच फिरवा. ही फळी भुशाची असते, सागवान नव्हे. मशीनने जोर लावला की आतलं भोक भुसभुशीत होतं आणि स्क्रू पकडच घेत नाही.

सगळे स्क्रू आधी सैल लावायचे, चौकट उभी राहिली की आवळायचे. कपाटाच्या मागचा पातळ पुठ्ठा लोकांना फालतू वाटतो, आणि कंटाळा आला की तो ठोकायचा राहतो. तसं करू नका. कपाट काटकोनात धरून ठेवतो तो तोच. सुताराजवळ गुण्या असतो, आपल्याजवळ टेप. समोरासमोरचे दोन्ही कोपरे तिरके मोजा. दोन्ही मापं सारखी आली की मगच खिळे ठोका. दार नीट लागत नाही अशी जी तक्रार असते, तिचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

मोठं कपाट घेण्याआधी छत मोजा. 236 सेंटीमीटर उंच आणि 58 सेंटीमीटर खोल कपाट जमिनीवर आडवं जोडून उभं करायला गेलात, तर वळताना त्याचा कर्ण साधारण 243 सेंटीमीटर भरतो. इथल्या नव्या इमारतींत 2 मीटर 40 सेंटीमीटरची छतं सर्रास आहेत. म्हणजे ते कपाट अर्ध्यात अडकणार. एक तर 201 सेंटीमीटरचं घ्या किंवा उभ्यानेच जोडायची तयारी ठेवा, आणि त्याला दोन धट्टीकट्टी माणसं लागतात. आमच्या ओळखीच्या घरांत हे काम शनिवारी करायची पद्धत आहे: दोघे-तिघे येतात, पोह्यांचा बेत होतो, संध्याकाळपर्यंत पलंग आणि कपाट उभं. बोलवायला संकोचू नका. त्यांच्या घरी आणखी कोणी असंच येऊन गेलेलं असतं.

आणि शनिवारच. रविवारी आणि सणाच्या सुटीला ड्रिल किंवा हातोडा चालवायचा नाही. रात्री 10 ते सकाळी 6 शांतता पाळायची, आणि कित्येक इमारतींच्या नियमावलीत दुपारी 1 ते 3 सुद्धा शांतता लिहिलेली असते. जिन्यात लावलेली ती नियमावली पहिल्याच दिवशी वाचा. शेजाऱ्यांशी पहिली ओळख तक्रारीने होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

जमिनीवरच्या सामानात एक अपवाद आहे, तो म्हणजे खणांचं उंच कपाट. घरात लहान मूल असेल तर ते भिंतीला पट्टीने बांधलंच पाहिजे. मुलं उघडे खण पायऱ्यांसारखे चढतात आणि कपाट अंगावर येतं. 2016 मध्ये अमेरिकेत मुलांच्या मृत्यूंनंतर अशी जवळपास 2 कोटी 90 लाख कपाटं परत मागवली गेली होती. ती पट्टी खोक्यात असते, पण भिंतीसाठीचा स्क्रू आणि प्लॅस्टिकचा प्लग नसतो, कारण प्रत्येक भिंत वेगळी. काँक्रीटला वेगळा, आतून पोकळ असलेल्या जिप्समच्या भिंतीला वेगळा. या प्लगला इथे ड्यूबेल म्हणतात. बाउमार्क्टमध्ये, म्हणजे हत्यारं आणि घरदुरुस्तीच्या सामानाच्या मोठ्या दुकानात, जाऊन "पोकळ भिंत" किंवा "काँक्रीट" एवढं सांगितलंत तरी योग्य तो काढून देतात. स्विच आणि प्लग-पॉइंटच्या सरळ वर, खाली किंवा बाजूला भोक पाडू नका. तारा तिथूनच गेलेल्या असतात. भिंतीची खात्री नसेल तर हे एवढं काम माणसाकडून करून घ्या.

आता स्वयंपाकघर. जाहिरातीत 'ईबीके' लिहिलं असेल तर ओटा-शेगडी घरासोबत आहे. नसेल तर जुने भाडेकरू त्यांचा ओटा तुम्हाला विकायला तयार असतात का, ते आधी विचारा. पहिल्या वर्षी हाच मार्ग सगळ्यांत शहाणपणाचा. नवा बसवायचा झाला तर विजेची शेगडी अधिकृत इलेक्ट्रिशियनकडूनच जोडून घ्या. ती जाड वायर 400 व्होल्टची आहे.

आमच्या पहिल्या घरी ओटा बसवायला आम्ही एका जाहिरातीवरून माणूस बोलावला. रोख पैसे, बिल नाही, भाव निम्मा. सिंकसाठी कापलेल्या कडेला त्याने सिलिकॉन भरलंच नाही. आठ महिन्यांत पाणी मुरून फळी फुगली आणि खालची दोन कपाटं गेली. तो फोन उचलेना आणि हातात कागद नव्हता. त्या वर्षी मुलगी चार महिन्यांची होती. ओट्याविना काढलेले ते तीन आठवडे मी विसरलेले नाही, म्हणून हे इतकं कळकळीने सांगतेय.

तेव्हा माणूस बोलवाल तेव्हा रेश्नुंग, म्हणजे रीतसर बिल, मागा. आधीच ठरवा की भाव एकरकमी की तासावर, आणि येण्याजाण्याचा खर्च वेगळा लावणार का. बिलात मजुरी आणि सामान वेगवेगळं लिहून घ्या आणि पैसे बँकेतूनच द्या. असं केलं तर मजुरीच्या 20 टक्के रक्कम, वर्षाला जास्तीत जास्त 1200 युरो, तुमच्या आयकरातून थेट वजा होते. घरात येऊन फर्निचर जोडून देण्याची मजुरीही यात धरतात. रोखीने दिलेल्या पैशांना ही सूट नाही. बिलाचा भाव जास्त वाटतो तेव्हा हा हिशोब करून पाहा, फरक बराच कमी होतो.

पाठीचं दुखणं असेल, बाळंतपण जवळ आलं असेल किंवा तुम्ही एकट्याच लहान मुलांना घेऊन पुढे आला असाल, तर वरचा नियम बाजूला ठेवा आणि पलंगसुद्धा जोडून घ्या. पहिल्या आठवड्यात नोंदणी, बँक, पाळणाघर हे सगळं अंगावर असतं. त्यात रात्री 11 वाजता स्क्रू शोधत बसण्याची गरज नाही. एरवीही आधी फक्त पलंग आणि टेबल जोडा. कपडे पंधरा दिवस बॅगेत राहिले तरी चालतात.

सगळं झालं की उरलेले स्क्रू, इनबुस आणि पत्रक एका पिशवीत घालून कपाटाच्या मागे चिकटपट्टीने लावून ठेवा. घर बदलताना तेच कपाट सोडवायचं असतं, आणि तेव्हा ती चावी शोधायला कुणाकडेच वेळ नसतो.