एक ओळ बदलली तरी गिटमध्ये अख्खी फाईल बदललेली दिसते, माझा अनुभव

आम्ही चौघं एका प्रोजेक्टवर, कोडमधले बदल सांभाळायला गिट; दोघांकडे विंडोज, दोघांकडे लिनक्स. कोणी एक ओळ बदलली तरी डिफमध्ये (काय बदललं ते दाखवणाऱ्या तुलनेत) अख्खी फाईल लाल-हिरवी आणि प्रत्येक मर्जला, म्हणजे बदल एकत्र करताना, कॉन्फ्लिक्ट. आठवडाभर आम्ही उगाच एकमेकांवर चिडत होतो. एडिटरचा फॉरमॅटर बंद करून पाहिला, प्रत्येकाला ऑटोसीआरएलएफ (ओळींचे शेवट आपोआप बदलणारी गिटची सेटिंग) सेट करायला सांगितलं, पण एकाचं राहिलं की परत तेच.

कारण लाइन एंडिंग, म्हणजे ओळ संपल्याची न दिसणारी खूण: विंडोजवर ओळीच्या शेवटी सीआरएलएफ ही दोन चिन्हं आणि लिनक्सवर नुसता एलएफ. त्यामुळे गिटला प्रत्येक ओळ बदललेली वाटते.

आधी सगळ्यांचं अर्धवट काम मेनमध्ये (मुख्य ब्रँचमध्ये) मर्ज करून घ्या, हे टाळू नका, नाहीतर नंतर जुन्या ब्रँचेस परत भांडतात. मग रेपोच्या (प्रोजेक्टच्या गिट फोल्डरच्या) रूटमध्ये डॉट गिटअ‍ॅट्रिब्यूट्स (.gitattributes) फाईल, त्यात एकच ओळ: * टेक्स्ट=ऑटो (* text=auto). मग गिट अ‍ॅड --रीनॉर्मलाइझ . (git add --renormalize . ; याने सगळ्या ओळींचे शेवट एकसारखे होतात, शेवटचा डॉट विसरू नका, गिट 2.16 किंवा पुढचं लागतं), आणि याचा वेगळा कमिट, त्यात दुसरं काहीच नको. पुश झाल्यावर सगळ्यांनी जुना फोल्डर काढून नव्याने क्लोन करायचं. गिट एलएस-फाइल्स --ईओएल (git ls-files --eol) चालवून पाहा, टेक्स्ट फाइल्सपुढे पहिल्या कॉलममध्ये आय/एलएफ (i/lf, म्हणजे गिटमध्ये साठवलेल्या फाईलला एलएफ) दिसलं की झालं.