सायनोटाइपचा निळा उडतो? या चुका टाळा

सायनोटाइप म्हणजे लोखंडाचं केमिकल लावलेल्या कागदावर पानं-डहाळ्या ठेवून, उन्हात धरून, मग पाण्यात धुऊन काढलेलं निळं चित्र. उन्हाळा लागला की मला पिवळट पडलेल्या कागदांचे फोटो यायला सुरुवात होते आणि खाली ठरलेला प्रश्न, केमिकल डुप्लिकेट आहे का? नाही भो, केमिकल बरोबर आहे, पाणी बघ.

आपल्याकडचं बोरिंगचं पाणी कसं आहे ते हिटरच्या कॉइलवरचा पांढरा थर बघूनच कळतं. हा निळा म्हणजे प्रशियन ब्लू, त्याला आंबट चालतं पण खार अजिबात चालत नाही. खार लागला की तो फुटतो, कागदावर गंजासारखं पिवळं लोखंड उरतं आणि बाकीचा भाग पाण्यात निघून जातो, म्हणून नंतर तो आपोआप परत येत नाही.

हे मी चोपड्याकडच्या एका शाळेत शिकलो. चाळीस पोरं, कडुनिंबाच्या डहाळ्या, शेवग्याची पानं, मार्चचं ऊन. पहिले कागद टबात पडले आणि असा निळा उठला की पोरांनी आरडाओरडा केला, मीपण खुशीत चहाला गेलो. अर्ध्या तासाने आलो तर टबात नुसते पिवळट कागद तरंगताय. मदतीला असलेल्या मावशी म्हणे, "रंग कथा गया भाऊ?" (कुठे गेला?) टब सकाळीच धुण्याच्या सोड्याने घासलेला, विसळला होता वरवर. चिमूटभर हळद टाकून पाहिली तर पाणी लालसर झालं, साबण लागल्यावर हळदीचा डाग होतो ना, तसंच.

तेव्हापासून माझी सवय अशी की बादलीभर पाण्यात एक चमचा लिंबूसत्व, पहिली धुलाई त्यात, मग साध्या पाण्यात थोडा वेळ, आणि तिथून हलायचं नाही. केमिकल भिजवायला मात्र बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर. आंबट चालतं म्हटलं म्हणून कोणी संडास साफ करायचं अ‍ॅसिड ओतू नका, आपल्या दोन केमिकलांपैकी एक असलेल्या फेरिसायनाइडवर तीव्र अ‍ॅसिड पडलं तर विषारी गॅस सुटू शकतो.

दुसरी चूक म्हणजे घाई. पाच मिनिटं झाली, कागद निळा दिसला, उचलला. अरे, उन्हात निळा होणं ही तर सुरुवात आहे, तो पुढे जाऊन राखाडी, जवळजवळ भाजल्यासारखा दिसायला पाहिजे, कारण धुताना बराच रंग उतरतो. मे महिन्यात दुपारी माझं काम दहा-बारा मिनिटांत होतं, पावसाळ्यात ढग आले की घड्याळ बघणं सोडून द्यायचं, कागदाकडे बघायचं. एक जण मला विचारे की हेअर ड्रायरने लवकर होईल का. उष्णतेचा संबंधच नाही, काम उन्हातल्या अल्ट्राव्हायोलेटचं (यूव्ही) आहे, फेरिक लोखंडाचं फेरस होतं आणि मग फेरिसायनाइडशी जुळून निळा बनतो. जॉन हर्शेलने हे 1842 मध्ये शोधलं, तेव्हाही सूर्यावरच चालायचं.

बाकी किरकोळ. प्रमाण 100 मिली पाण्यात फेरिक अमोनियम सायट्रेट 25 ग्रॅम, दुसऱ्या बाटलीत 100 मिलीत फेरिसायनाइड 10 ग्रॅम, लावायच्या वेळीच समसमान मिसळा, आदल्या रात्री नको. सायट्रेटला बुरशी येते, गाळून घ्या. कागद लावून झाला की अंधारात वाळवा, ओटीवर नाही. उन्हात ठेवताना वरती साधी काच ठेवा, यूव्ही अडवणारं अ‍ॅक्रिलिक असेल तर तासभर थांबूनही काही उमटणार नाही. हळदीच्या रसाचे प्रिंट, म्हणजे हळद लावलेला कागद उन्हात फिका करून चित्र काढणाऱ्यांनी तर तासाभरात निकाल मागूच नये, कपड्यावरचा डाग उन्हात जायला किती वेळ लागतो ते आईला विचारा.

आणि भिंतीवर लावलेला निळा महिन्या-दोन महिन्यांत उजेडाने (खाराने नाही) फिका पडला म्हणून फाडू नका. फ्रेम काढा, काही दिवस कपाटात अंधारात ठेवा, बराचसा परत येतो. माझा एक तर गोदरेजमध्ये साड्यांखाली ठेवला होता, विसरलो, दिवाळीला सापडला तेव्हा बायको म्हणे, हा नवीन कधी केला?