टाचेमागचं दुखणं जाता जात नाही? या चुका टाळा

सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली आठ-दहा पावलं लंगडत पडतात. आंघोळ होईपर्यंत पाय मोकळा होतो आणि पाम बीच रोडवर दोन किलोमीटर पळून झाले की दुखत होतं हेच विसरायला होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारी ती जाड कंडरा, अकिलीस, मला नऊ महिने पुरली. त्यातले निम्मे तरी मी स्वतः वाढवले, म्हणून हे लिहिते आहे.

माझी सगळ्यात मोठी चूक म्हणजे पूर्ण विश्रांती. दीड महिना पळणं बंद, जिनाही टाळला. दुखणं गेलं. मग नेरूळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ बागेत तळ्याभोवती पळत तीन फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या दिवशी टाच पुन्हा आखडली. जुन्या दुखण्यात कंडरेच्या धाग्यांची वीण बिघडलेली असते, भार पेलायची ताकद घटलेली असते. बसून राहिलं की ती आणखी घटते, पोटरीही ढिली पडते. कंडरेला भारच हवा असतो, फक्त बेताबेताने वाढणारा.

तो कसा द्यायचा? स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये मांडलेला व्यायाम सोसायटीच्या जिन्यावर होतो. पायरीच्या कडेला चवड्यांवर उभं राहायचं, दोन्ही पायांनी वर जायचं, मग सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश पायरीखाली न्यायची. गुडघा सरळ ठेवून 15 चे 3 संच, वाकवून आणखी 3. दिवसातून दोनदा, 12 आठवडे. सोपं वाटू लागलं की पाठीवर वजनाची सॅक. बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात फरक दिसत नाही म्हणून सोडतात, आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण कंडरा सुधारते ती महिन्यांच्या हिशेबाने.

मात्र आधी दुखतं कुठे ते बोटाने चाचपा. टाचेच्या हाडापासून 2 ते 6 सेंटिमीटर वर दुखत असेल तर वरचा व्यायाम ठीक. अगदी हाडाला चिकटते तिथे दुखत असेल तर टाच पायरीखाली नेऊ नका, सपाट जमिनीवर करा. भिंतीला रेटून पोटरी ताणणंही तिथे त्रासच वाढवतं, कारण कंडरा हाडावर दाबली जाते.

दुसरी चूक, पळताना दुखलं नाही म्हणजे चाललं असं मानणं. निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. दुखण्याला 0 ते 10 गुण द्या. 2007 मधल्या एका स्वीडिश अभ्यासात 5 पर्यंतचं दुखणं चालवून घेत लोक पळत राहिले आणि त्यांची सुधारणा अडली नाही. अट एवढीच की सकाळपर्यंत ते शमायला हवं. मी स्वतः 3 ला थांबते.

पारसिक हिल किंवा ठाण्याचं येऊर मात्र काही काळ राहू दे. चढावर प्रत्येक पावलाला कंडरा जास्त ताणली जाते. चढ आणि वेग एकाच आठवड्यात तर मुळीच वाढवू नका.

सायकलवाल्यांना वाटतं आपण सुटलो. सीट फार उंच असेल तर तळाशी पेडल गाठायला चवडा खाली ताणावा लागतो. फार खाली असेल तर टाच खचते. बुटाचे क्लीट (तळव्याखालचे, पेडलमध्ये अडकणारे तुकडे) पुढे असतील तर काही मिलिमीटर मागे घ्या, पोटरीवरचा ताण लगेच उतरतो. जड गिअर रेटू नका.

पळण्याआधी वेदनाशामक गोळी घेऊ नका, ती फक्त इशारा झाकते. कंडरेत स्टेरॉइडच्या इंजेक्शनने ती तुटण्याचा धोका असतो. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिक्सनेही कंडरेला इजा होऊ शकते, तेव्हा डॉक्टरांना आपलं दुखणं आधीच सांगा.

आणि पळताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं, ‘फट्’ असा आवाज आला, त्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येईना, तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जा.